सीटबेल्ट काढून

ओउलूत फेब्रुवारीला समुद्राचा रस्ता होतो.
कडेनं फांद्या खोचतात, पाट्या रोवतात,
आणि बेटावरची माणसं गाड्या काढतात
दवाखान्यासाठी, दळणवळणाच्या सतरा कामांसाठी,
लायब्ररीची पुस्तकं परत करायला.

आम्हांला त्या रस्त्याचा नकाशा करायचा होता,
ब्राउझरमध्ये उघडणारा,
प्रत्येक चौकोनात त्या दिवशीची बर्फाची जाडी.
साल दोन हजार नऊ. तीन माणसं, एक कॉफीचं यंत्र,
फळ्यावर तीन नावं:
फ्लॅश, सिल्व्हरलाइट,
आणि खाली, बारीक अक्षरात, ओशाळल्यासारखं,
साधं जावास्क्रिप्ट.

तूलिक्कीचा फ्लॅशचा नमुना
तापल्या तव्यावर लोणी सरकावं तसा सरकला.
निळा बर्फ, करडा बर्फ,
तडेसुद्धा हलकेच उमलणारे.
इल्पो म्हणाला, सिल्व्हरलाइटमागे घराणं केवढं बघा,
एवढ्या घरात दिलेली पोर उपाशी राहील का?
(हे तो फिनिशमध्ये वेगळंच काही म्हणाला.
मला मात्र असंच ऐकू आलं.)

मी जावास्क्रिप्टची बाजू घेतली
आणि माझा नमुना अडखळला
नेमका इंटरनेट एक्सप्लोररमध्ये,
भर मांडवात नवरदेवाचा फेटा सुटावा तसा.

मग रस्ते खात्याचा औलिस आला,
रोज पहाटे ड्रिलनं बर्फाला भोकं पाडणारा.
तिन्ही नमुने त्यानं उभ्यानंच पाहिले.
मिशीवरचं दव वितळेपर्यंत काही बोलला नाही.
मग विचारलं, "यातलं काय नव्यानं घालावं लागत नाही?
आमच्या संगणकाचा पासवर्ड हेल्सिंकीत असतो."

फ्लॅश आधीच होतं त्यावर.
कुणीतरी पत्ते खेळायला घातलेलं.

तीन आठवड्यांचं भांडण असं मिटलं.
तूलिक्कीनं फळा पुसला, इल्पोनं नाही म्हटलं नाही,
आणि मी, खरं सांगते,
लोण्याला भुललेच होते.

औलिसनं आम्हांला रस्ता दाखवायला नेलं.
किनारा सुटला तसा म्हणाला, "पट्टे काढा."
"इथं सीटबेल्ट लावत नाहीत.
खाली गेलोच, तर बाहेर पडता आलं पाहिजे."
हळू चालवत होता. जोरात गेलं की
बर्फाखाली लाट उठते म्हणे, आपलीच,
आणि पुढे जाऊन आपल्यालाच गाठते.
किती दिवस टिकेल हा, इल्पोनं विचारलं.
"आजचं सांगतो," औलिस म्हणाला,
"उद्याचं उद्या भोक पाडल्यावर."

त्या रात्री मी एकच शहाणपणा केला.
औलिसचे आकडे नकाशातून सोडवून
एका साध्या फाइलमध्ये ठेवले:
तारीख, भोकाचा नंबर, सेंटिमीटर.
तूलिक्की हसली. पाटा-वरवंटा कशाला जपतेस, अशा अर्थाचं.

पुढे फोन आले,
आणि फोनवर आमच्या समुद्राच्या जागी
एक करडा चौकोन दिसू लागला.
मोठ्या घराण्यानंही पोर माघारी धाडली.
इल्पो बँकेत गेला. तूलिक्कीनं
तो नमुना अजून एका जुन्या लॅपटॉपवर ठेवलाय,
त्याला इंटरनेटला जोडत नाही ती,
आजारी मांजराला बाहेर सोडत नाहीत तसं.

मी नकाशा पुन्हा लिहिला, जावास्क्रिप्टमध्ये.
जिंकल्यासारखं वाटलं, साधारण दोन वर्षं.
मग ज्या लायब्ररीवर उभी होते तिची फॅशन गेली,
पुन्हा लिहिला.
आणि पुन्हा.
प्रत्येक वेळी तीच फाइल आत ओतली.
दोन हजार नऊ, चौदा फेब्रुवारी, भोक सात, बावन्न.

औलिस निवृत्त झाला. आता भोकं त्याची पुतणी पाडते,
आकडे फोनवरून थेट पाठवते,
नकाशा क्षणात रंग बदलतो,
कुठल्याही ब्राउझरमध्ये, काही न घालता.

यंदा तो उत्तम चालतोय.
जानेवारी संपला, फेब्रुवारी संपत आला,
सगळे चौकोन पांढरे, रिकामे.
रस्ता अजून उघडलेला नाही.